पक्ष्यांना नाक नाकारणारा चित्रकार

अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्रातील बेटांवर उन्हाळ्यात समुद्रपक्ष्यांची वीण सुरू होते, तेव्हा काही खडकाळ किनाऱ्यांवर संत्र्याची साल सोलल्यासारखा वास दरवळतो. त्या थंड, झाडे नसलेल्या प्रदेशात संत्री कुठून येणार? हा वास असतो ‘क्रेस्टेड ऑकलेट’ या पक्ष्याचा. पारव्याहून लहान, काळसर करडा, कपाळावर पुढे झुकलेला तुरा आणि केशरी चोच, असे त्याचे रूप. जोडी जमवताना नर आणि मादी एकमेकांच्या मानेवरील पिसांत चोच खुपसतात. वास येतो तो नेमका तिथल्याच पिसांतून, आणि तोही विणीच्या हंगामात अधिक.

या पक्ष्याचे चित्र जॉन जेम्स ऑड्युबॉनने काढलेले आहे. ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’ या त्याच्या महाग्रंथातील ४०२ क्रमांकाच्या चित्रात इतर तीन समुद्रपक्ष्यांबरोबर हा तुरेवालाही आहे. ऑड्युबॉन अलास्काला कधी गेला नाही. पेंढा भरण्यासाठी वाळवलेली कातडी समोर ठेवून त्याने हे चित्र केले. तुरा आला, चोचीचा रंग आला. वास येण्याचा प्रश्न नव्हता. आणि जिवंत पक्षी समोर असता तरी त्याने त्या वासाला किती महत्त्व दिले असते, याची शंकाच आहे. कारण पक्ष्यांना वास जवळजवळ येतच नाही, हा समज विज्ञानात पक्का करण्यात त्याचाच हात सर्वांत मोठा होता.

ऑड्युबॉनचा जन्म २६ एप्रिल १७८५ रोजी कॅरिबियन समुद्रातील एका फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत झाला. वडील फ्रेंच जहाजाचे कप्तान, तिथे उसाच्या मळ्याचे मालक. आई फ्रान्सहून आलेली घरकाम करणारी तरुणी. दोघांचे लग्न झालेले नव्हते. मूल काही महिन्यांचे असतानाच ती वारली. वडिलांनी मुलाला फ्रान्समध्ये नांत शहरी नेले. तिथे त्यांच्या पत्नीने त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले आणि १७९४ मध्ये रीतसर दत्तकही घेतले. आपल्या जन्माची ही हकीकत ऑड्युबॉनने आयुष्यभर दडवली. आपण लुइझियानात जन्मलो, असे तो सांगत असे. खऱ्या गोष्टीला सोयीचे वळण देण्याची ही सवय पुढे त्याच्या पक्षिविज्ञानातही शिरली.

१८०३ मध्ये नेपोलियनच्या सैन्यभरतीतून वाचवण्यासाठी वडिलांनी अठरा वर्षांच्या मुलाला अमेरिकेला पाठवले. न्यूयॉर्कला उतरताच त्याला पिवळ्या तापाने गाठले. तापाने फणफणलेल्या या परदेशी मुलाची शुश्रूषा क्वेकर पंथाच्या स्त्रियांनी केली आणि तो वाचला. पिवळा ताप डासांमुळे पसरतो हे कळायला आणखी शंभर वर्षे जायची होती. तोवर डॉक्टरांची समजूत होती की कुजक्या, दुर्गंधी हवेतूनच असे आजार होतात. वासाला त्या काळी केवढे महत्त्व होते, हे यावरून लक्षात यावे.

बरा झाल्यावर तो फिलाडेल्फियाजवळ वडिलांनी घेतलेल्या शेतावर राहू लागला. शेतीत लक्ष नव्हतेच. दिवसभर बंदूक घेऊन रानात भटकायचे, पक्षी मारायचे, घरी आणून रंगवायचे. मेलेला पक्षी मान टाकतो, पंख लोंबतात, डोळ्यांची चमक जाते. जुन्या चित्रांतले पक्षी म्हणूनच लाकडी वाटत. ऑड्युबॉनने यावर युक्ती काढली. नुकत्याच मारलेल्या पक्ष्याच्या शरीरातून तारा घालून त्याला तो चौकटी आखलेल्या फळीवर उडण्याच्या, झेपावण्याच्या, भक्ष्य फाडण्याच्या अवस्थेत बसवी आणि रंग उतरायच्या आत भराभर चित्र काढी. त्याच्या पक्ष्यांना जिवंतपणा आला तो या खटाटोपातून. याच काळात पिल्लांच्या पायाला चांदीचा दोरा बांधून तीच पुढच्या वर्षी परतली, असे आपण पाहिल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्या दाव्यावर अलीकडे संशोधकांनी शंका घेतली आहे, कारण पक्षी परतायच्या त्या दिवसांत तो फ्रान्सच्या प्रवासाला निघालेला होता.

शेजारच्या ल्युसी बेकवेलशी त्याने १८०८ मध्ये लग्न केले आणि केंटकीत दुकान थाटले. पुढे हेंडरसन गावी वाफेवर चालणारी गिरणी घातली. काही वर्षे बरी गेली. घरात गुलाम होते; तो माणसे विकत घेई आणि विकेही. ही बाब चरित्रांतून फार काळ हळूच वगळली जात असे. आता अमेरिकेतील काही पक्षिमित्र संस्थांनी याच कारणाने त्याचे नाव आपल्या पाटीवरून काढून टाकले आहे. १८१९ च्या मंदीत गिरणी बुडाली, कर्जापायी त्याला तुरुंगात जावे लागले आणि शेवटी दिवाळे जाहीर करून सुटका झाली. दोन मुली तान्हेपणीच गेल्या. हाती उरले चित्रांचे बाड, बंदूक आणि दोन मुलगे.

याच काळातला एक किस्सा त्याचा स्वभाव दाखवतो. १८१८ मध्ये राफिनेस्क नावाचा विक्षिप्त निसर्गशास्त्रज्ञ त्याच्याकडे पाहुणा आला. ऑड्युबॉनने थट्टेत त्याला ओहायो नदीतील काही माशांची वर्णने सांगितली. त्यातल्या एकाचे खवले इतके कठीण की बंदुकीची गोळीही लागू नये! असे मासे अस्तित्वातच नव्हते. राफिनेस्कने ते सगळे गंभीरपणे छापून टाकले. माशांची ही भुते शास्त्रीय ग्रंथांत पुढे बरीच वर्षे फिरत राहिली.

१८२० मध्ये तो ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून खाली न्यू ऑर्लिन्सला निघाला. अमेरिकेतील प्रत्येक पक्षी मूळ आकारात रंगवायचा, हा ध्यास आता पक्का झाला होता. घर चालवले ते ल्युसीने. लुइझियानातील मळेवाल्यांच्या मुलांना शिकवून तिने मुलगे वाढवले आणि नवऱ्याच्या प्रवासालाही पैसे पुरवले. १८२४ मध्ये तो प्रकाशक शोधत फिलाडेल्फियाला गेला. तिथल्या पक्षितज्ज्ञांनी या शिक्षण नसलेल्या, बडबड्या चित्रकाराला उभे केले नाही. मग १८२६ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, चित्रांचे बाड घेऊन तो जहाजाने इंग्लंडला गेला. हा शेवटचा डाव होता. तो फसला असता तर परत जायला तोंड नव्हते.

लिव्हरपूलहून ऑक्टोबरमध्ये तो एडिंबराला पोहोचला. खांद्यापर्यंत रुळणारे केस, अंगावर लांडग्याच्या कातड्याचा कोट. शहराने या रानटी दिसणाऱ्या पाहुण्याला डोक्यावर घेतले. पण चित्रकार म्हणून कौतुक झाले तरी भागणार नव्हते. एवढ्या महाग ग्रंथाला वर्गणीदार हवे होते, आणि त्यासाठी शास्त्रज्ञ म्हणून मान्यता हवी होती. डिसेंबरमध्ये तिथल्या निसर्गशास्त्र मंडळापुढे त्याचा निबंध वाचला गेला. विषय होता गिधाडाचे नाक.

गिधाडे दूरवरच्या मेलेल्या जनावराचा वास घेऊन येतात, ही समजूत तेव्हा सर्वमान्य होती. ऑड्युबॉनने ती प्रयोगाने खोडायची ठरवली होती. त्याने हरणाच्या कातड्यात वाळके गवत भरले, पाय वर करून ते माळावर ठेवले. मांसाचा कण नाही, वास नाही. तरी एक ‘टर्की व्हल्चर’ जातीचे गिधाड घिरट्या घालत उतरले. त्याने मातीचे डोळे टोचले, कातड्याची शिवण उसवली, गवत बाहेर ओढून काढले आणि हाती काही लागले नाही म्हणून निघून गेले. दुसऱ्या प्रयोगात ऐन जुलैत एक मेलेले डुक्कर घळीत टाकून वर झाडोरा पसरला. उन्हाने ते सडले, असह्य दुर्गंधी सुटली. गिधाडे वरून उडत राहिली, खाली एकही आले नाही. कुत्र्यांनी मात्र ते शोधून काढले. ऑड्युबॉनने निष्कर्ष काढला की गिधाड फक्त डोळ्यांनी शोधते.

पहिल्या प्रयोगाने एवढेच सिद्ध झाले की गिधाड डोळेही वापरते. ते बरोबरच होते. घोटाळा झाला तो दुसऱ्यात. टर्की व्हल्चरला ताजे, फार तर दिवसभराचे मांस आवडते. अगदी सडलेले मांस ते शक्यतो टाळते. म्हणजे ज्या भक्ष्याकडे ते येणारच नव्हते, ते भक्ष्य लपवून त्याची परीक्षा घेतली गेली. तपासणीला पाठवलेला नमुनाच खराब असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो. त्यावरून रोग्याला आजार नाही, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. ऑड्युबॉन मात्र त्याच्या पुढे गेला. ‘आला नाही’ याचा अर्थ त्याने ‘वास आला नाही’ असा लावला.

चार्ल्स वॉटर्टन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाला हे अजिबात पटले नाही. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत भटकलेला, भांडकुदळ आणि तऱ्हेवाईक असा हा गृहस्थ. त्याने नियतकालिकांतून ऑड्युबॉनवर झोड उठवली. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे पत्रे झडली. वॉटर्टनचे म्हणणे बरोबर होते, पण त्याची भाषा इतकी विखारी की वाचणाऱ्यांची सहानुभूती ऑड्युबॉनकडे गेली.

मग ऑड्युबॉनचा मित्र पुढे आला. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनचा धर्मगुरू जॉन बॅकमन. त्याने १८३३-३४ च्या हिवाळ्यात आपल्या बागेत प्रयोग केले आणि तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांना साक्षीला बोलावले. कातडी सोलून पोट फाडलेल्या मेंढीचे एक ओबडधोबड चित्र जमिनीवर ठेवले. गिधाडे त्या चित्रावर येऊन चोची मारू लागली. जवळच झाकून ठेवलेल्या खऱ्या मांसाकडे त्यांचे लक्ष गेले नाही. कापडाखाली मांस ठेवून वर काही तुकडे टाकले. गिधाडांनी वरचे तुकडे खाल्ले, खालचे त्यांना कळले नाही. कापडाला भोक पाडताच मात्र त्यांनी ते फस्त केले. साक्षीदारांनी सह्या केल्या आणि प्रश्न निकालात निघाला, असे मानले गेले.

सह्या खऱ्या होत्या, पाहिलेलेही खरे होते. पण चार्ल्सटनच्या बाजारपेठेत वावरणारी गिधाडे मुख्यतः ‘ब्लॅक व्हल्चर’ या दुसऱ्या जातीची. टर्की व्हल्चरच्या मेंदूतील वासाचा भाग ब्लॅक व्हल्चरच्या चौपट मोठा असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एकाच्या नाकाची परीक्षा घेऊन दुसऱ्याला नापास करण्याचाच हा प्रकार होता. (आपल्याकडची गिधाडे तर गरुडांच्या कुळातील, ती खरोखरच डोळ्यांवर विसंबतात. अमेरिकी गिधाडांचा वंश वेगळा.)

विरोधातला पुरावाही तेव्हाच मिळाला होता. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन याने टर्की व्हल्चरचे विच्छेदन केले तेव्हा त्याला वासाच्या नसा चांगल्याच जाड आढळल्या. पण शवविच्छेदनातल्या नसांपेक्षा चित्रावर चोच मारणाऱ्या गिधाडाची गोष्ट लोकांच्या जास्त लक्षात राहिली. चार्ल्स डार्विनही या वादापासून दूर नव्हता. सतरा वर्षांचा, वैद्यकीला कंटाळलेला विद्यार्थी असताना त्याने एडिंबराच्या त्याच मंडळात ऑड्युबॉनला अमेरिकेतील पक्ष्यांवर बोलताना ऐकले होते. पुढे चिलीत त्याने बांधून ठेवलेल्या काँडोर पक्ष्यांसमोरून कागदात गुंडाळलेले मांस नेऊन पाहिले. त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. पुडके चोचीला टेकवले तेव्हा कुठे झडप घातली. काँडोर डोळ्यांनीच शोधतो, त्यामुळे डार्विनचे निरीक्षण अचूक होते. पण सर्वच पक्ष्यांना नाक नाही, या समजाला त्यानेही बळ मिळाले.

ऑड्युबॉनचे दिवस पालटले होते. १८२७ ते १८३८ या काळात लंडनमध्ये रॉबर्ट हॅवेलच्या कारखान्यात तांब्याच्या पत्र्यांवर कोरून, हाताने रंगवून ४३५ चित्रे छापली गेली. एकेक कागद सुमारे एक मीटर उंच, कारण रानकोंबड्यापासून गुंजनपक्ष्यापर्यंत सगळे मूळ मापात दाखवायचे होते. वर्गणीदार दोनशेच्या आतच राहिले, तरी काम तडीस गेले. १८३० मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच्या दोन्ही मुलांची लग्ने बॅकमनच्या दोन मुलींशी झाली. दोघीही १८४०-४१ मध्ये क्षयाने गेल्या. पुढे ग्रंथाच्या लहान, स्वस्त आवृत्तीने त्याला पैसा मिळवून दिला, हडसन नदीकाठी घर झाले. मात्र साठीनंतर नजर अधू झाली आणि ब्रश खाली ठेवावा लागला. त्यामागोमाग बुद्धीही ढासळली. ज्याचे सारे आयुष्य डोळ्यांच्या जोरावर उभे होते, तो शेवटची काही वर्षे घरात लहान मुलासारखा वावरत होता. २७ जानेवारी १८५१ रोजी, पासष्टाव्या वर्षी तो गेला.

त्याने दिलेला निकाल मात्र शंभर वर्षांहून अधिक टिकला. पाठ्यपुस्तकांत पक्षी म्हणजे डोळे आणि कान, असेच छापले जाई. मग नर-मादीच्या निवडीचा अभ्यास करणारे पिसारा मोजत, गाणी टिपून घेत, नाचाच्या नोंदी करत. वास हा प्रश्न कुणाच्या यादीतच नव्हता.

पहिली फट पडली ती गॅसच्या वाहिनीमुळे. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात नैसर्गिक वायूच्या वाहिन्या तपासणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले की जिथे गळती, तिथे वर टर्की व्हल्चर घिरट्या घालतात. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळतात ते इथाइल मर्कॅप्टन हेच त्यांना खेचत होते. घरच्या सिलिंडरची गळती आपल्याला ज्या घाण वासाने कळते, तेच हे रसायन. कुजू लागलेल्या मांसातूनही ते निघते. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयातील केनेथ स्टेगर यांनी ही गोष्ट ऐकली, मोकळ्या रानात हे रसायन हवेत सोडून पाहिले आणि १९६४ मध्ये टर्की व्हल्चरच्या नाकाची सविस्तर बाजू मांडली. पुढे पनामाच्या जंगलात डेव्हिड ह्यूस्टन यांनी मेलेल्या कोंबड्या पाचोळ्याखाली लपवल्या. गिधाडांनी तीन दिवसांत जवळजवळ सगळ्या हुडकल्या; एक दिवस जुन्या कोंबड्या लवकर सापडल्या आणि फार सडलेल्या त्यांनी नापसंत केल्या. ऑड्युबॉनच्या डुकराचे कोडे इथे सुटले.

दुसरी फट पाडली ती बेट्सी बँग यांनी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्या वैद्यकीय चित्रे काढत. पती पक्ष्यांच्या श्वसनरोगांवर काम करत आणि त्यासाठी त्या पक्ष्यांच्या नाकाचे छेद रेखाटत. रेखाटता रेखाटता त्यांना प्रश्न पडला की वास घेता येत नसेल, तर काही पक्ष्यांच्या नाकात एवढी गुंतागुंतीची घडी कशासाठी? १९६० मध्ये त्यांनी पहिला निबंध लिहिला. १९६८ मध्ये स्टॅन्ली कॉब यांच्यासह त्यांनी १०८ जातींच्या मेंदूतील वासाच्या भागाची मापे जाहीर केली. साधन काय, तर पट्टी! याच बाईंनी पुढे बंगाली लोककथांची इंग्रजी भाषांतरे केली. त्यांतली एक लाल भोपळ्यात बसून वाघ-अस्वलांना चकवणाऱ्या म्हातारीची. आपली ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’वाली म्हातारी ती हीच. ऑड्युबॉनची चूक एका चित्रकर्तीनेच दुरुस्त करावी, हा योग मजेशीर खरा.

वासाचा प्रश्न पुन्हा यादीत आला आणि जोडीदाराच्या निवडीपर्यंत पोहोचला. बँग यांच्या मोजमापात वासाचा भाग मोठा ठरलेल्या समुद्रपक्ष्यांपासून सुरुवात झाली. दक्षिण हिंद महासागरातील केर्गेलेन बेटावर ‘प्रायन’ पक्ष्यांना दुफाट्याच्या नळीत सोडले असता त्यांनी परक्याच्या वासापेक्षा आपल्या जोडीदाराच्या वासाची वाट धरली. हा अभ्यास २००४ चा. त्याच्या आदल्या वर्षी ज्युली हेगेलिन आणि सहकाऱ्यांनी संत्र्याच्या वासाच्या ऑकलेटवर काम प्रसिद्ध केले. त्या वासात ऑक्टॅनल हे रसायन आहे, जे खऱ्या संत्र्याच्या सालीतही असते. प्रयोगात पक्षी या वासाकडे ओढले गेले. प्रयोगशाळेत ही रसायने पिसांतील उवा-गोचिडांना मारक ठरतात. जास्त वासाचा जोडीदार म्हणजे निरोगी जोडीदार, असे मादीला त्यातून कळत असावे, असा एक तर्क आहे. त्यावर एकमत झालेले नाही.

गाणारे पक्षी तरी फक्त आवाजावर भुलत असतील, असे वाटेल. ‘जंको’ हा अमेरिकेच्या अंगणात येणारा चिमणीएवढा करडा पक्षी. ऑड्युबॉनच्या ग्रंथातील तेराव्या चित्रात तो आहे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल तो चोचीने पिसांना लावतो. डॅनियल व्हिटेकर आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये आढळले की ज्या नराच्या तेलाला अधिक नरासारखा वास, त्याची पिल्ले जास्त. आणि तो वास पक्ष्याचा एकट्याचा नसतो. ग्रंथीत राहणारे जिवाणू तो घडवण्यात भाग घेतात. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले की जिवाणू बदलतात आणि तेलाचा वासही बदलतो.